गव्हाणीचे माप : लातूर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती प्राथमिक शाळेतील नाताळ

हे प्रकरण इयत्ता चौथीच्या एका वर्गाचे आणि डिसेंबर २०२२ मधील साधारण तीन आठवड्यांचे आहे. शाळा लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. ती ख्रिस्ती संस्थेची, मराठी माध्यमाची, अनुदानित आणि पहिली ते चौथीपर्यंतची आहे. संस्थेच्या शाळांचे शैक्षणिक काम तेव्हा माझ्याकडे होते, त्यामुळे पुढे ज्या चुकीच्या नियोजनाचा उल्लेख येईल त्यातील मोठा वाटा माझा आहे. शाळेचे, शिक्षिकेचे आणि मुलांचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

ख्रिस्ती शाळा म्हटले की वर्गातील सगळी मुले ख्रिस्ती असणार, अशी समजूत बाहेरच्या माणसाची असते. मराठवाड्यात ती बहुतेक ठिकाणी चुकीची ठरते. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणाऱ्या रेव्ह. नारायण शेषाद्रींच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, या भागातील मिशनच्या शाळांत आसपासच्या सर्व जातिधर्मांची मुले बसत आली आहेत. या वर्गातही तीसेक मुलांपैकी ख्रिस्ती घरांतील मुले आठच होती. बाकीची मुले शेतकऱ्यांची, शेतमजुरांची, आठवडी बाजारात दुकान मांडणाऱ्यांची होती, आणि चार मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेल्यामुळे ती आजीआजोबांकडे राहत होती.

या वर्गाची दुसरी ओळख अधिक महत्त्वाची आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही मुले पहिलीत होती. दुसरीचे संपूर्ण वर्ष त्यांनी वर्गाबाहेर काढले, तिसरीचेही अर्ध्याहून अधिक तसेच गेले, आणि जून २०२२ मध्ये ती थेट चौथीच्या बाकांवर येऊन बसली. वर्गशिक्षिकेने जुलैमध्ये एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला लावले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक मुलांना साधा परिच्छेद सलग वाचता येत नव्हता. काही मुले जोडाक्षर आले की थांबत आणि बाईंच्या तोंडाकडे पाहत. नोव्हेंबरपर्यंत त्यांतली काही पुढे सरकली होती, पण दिवाळीच्या सुट्टीने पुन्हा थोडे मागे आणले होते.

अशा वर्गाला संस्थेकडून नोव्हेंबरच्या मध्यात एक परिपत्रक गेले. नाताळचा कार्यक्रम शुक्रवार, २३ डिसेंबर रोजी घ्यावा, त्यात ख्रिस्तजन्माची नाटिका, समूहगीत आणि प्रमुख पाहुण्यांचा संदेश असावा, आणि सरावासाठी २८ नोव्हेंबरपासून रोजच्या शेवटच्या दोन तासिका द्याव्यात, असे त्यात म्हटले होते. परिपत्रक मीच लिहिले होते. ते लिहिताना मागील वर्षांची फाईल समोर होती. पंचांग समोर नव्हते आणि वर्गही समोर नव्हता.

तासांचा हिशेब

५ डिसेंबरला मी शाळेत गेलो तेव्हा नाटिकेचा सराव सुरू होता. एकूण दहा-बारा मुले उभी होती : मरीया, योसेफ, देवदूत, तीन मागी (पूर्वेकडून आलेले ज्ञानी), मेंढपाळ, हेरोद राजा आणि उतारशाळेचा मालक. उरलेली वीसेक मुले भिंतीला टेकून बसली होती. त्यांना शांत बसण्याचे काम दिलेले होते आणि ते काम त्यांना जमत नव्हते. ज्यांना संवाद होते त्यांनीही ते वाचून नव्हे, तर बाईंच्या मागून म्हणून पाठ केले होते. देवदूत झालेल्या मुलीच्या हातातील कागद उलटा होता, तरी तिचा एकही शब्द चुकला नाही.

त्याच दुपारी मेंढपाळाचे काम करणाऱ्या एका मुलाचे वडील शाळेत आले. ते भांडायला आलेले नव्हते. त्यांनी फाटकाशी उभे राहून बाईंना एवढेच विचारले, “घरी शेळ्या राखायलंय, शाळंत मेंढ्या राखायलंय, मग बाई, वाचायचं कवा?” बाईंनी माझ्याकडे पाहिले, आणि मी परिपत्रकाकडे पाहिले.

हिशेब केला तर ते गृहस्थ बरोबर होते. २८ नोव्हेंबर ते २२ डिसेंबर या काळात शाळेचे बावीस दिवस भरत होते. पस्तीस मिनिटांच्या दोन तासिका धरल्या तरी पंचवीस तासांहून अधिक वेळ सरावात जाणार होता. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालामुळे तो कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना बंधनकारक नव्हता, हे खरे. परंतु वेळ मोजायला ते माप काही वाईट नाही. आठशेमधील पंचवीस तास एरवी कोणी मनावर घेतले नसते, पण ज्या मुलांची दोन वर्षे आधीच गेली होती त्यांच्यासाठी तो हिशेब वेगळा होता.

दुसरी अडचण शिपाईमामांनी दाखवली. २३ डिसेंबरला वेळ अमावस्या होती. लातूर, धाराशिव आणि लगतच्या भागाबाहेरील वाचकांना या दिवसाचे वजन सांगितल्याशिवाय कळायचे नाही. मार्गशीर्ष अमावस्येला येथील सगळी घरे शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करून तिच्यात पाच पांडवांची पूजा मांडतात, आणि आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असे जेवण ओळखी-अनोळखी साऱ्यांना वाढतात. ज्याला शेत नाही तोही त्या दिवशी कोणाच्या तरी शेतात जेवतो, आणि ख्रिस्ती कुटुंबेही शेजाऱ्यांच्या बोलावण्यावरून जातात. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, गावात माणूस सापडत नाही. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात नाटिका करायची म्हणजे रिकाम्या खुर्च्यांपुढे करायची.

काय बदलले

कार्यक्रम रद्द करावा, असे कोणाच्याच मनात नव्हते. मुलांना तो हवा होता, चर्चच्या मंडळीला हवा होता, आणि ख्रिस्ती शाळेने नाताळ गुपचूप उरकावा असे मला कधीच वाटलेले नाही. प्रश्न एवढाच होता की कार्यक्रमाची तयारी हाच अभ्यास होऊ शकतो का. शिक्षिकेचे म्हणणे असे पडले की होऊ शकतो, पण त्यासाठी तयार नाटिका बाजूला ठेवावी लागेल, कारण पाठ केलेल्या नाटिकेत मुलांनी शोधण्यासारखे काही उरत नाही. कार्यक्रम २२ तारखेच्या सकाळी घ्यायचे ठरले. प्रमुख पाहुण्यांना ती तारीख सोयीची नव्हती, म्हणून पाहुण्यांशिवाय. या एका निर्णयावर संस्थेच्या बैठकीत मला बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा अधिक प्रश्न विचारले गेले, हे नमूद करून ठेवतो.

पहिले काम वाचनाचे होते. ख्रिस्तजन्माची हकिकत बायबलमधील लूक आणि मत्तय या दोन शुभवर्तमानांच्या दुसऱ्या अध्यायांत येते. शिक्षिकेने दोन्ही भाग वाक्यावाक्याने मोठ्या अक्षरांत पट्ट्यांवर लिहिले आणि मुलांच्या गटांना वाटले. ज्यांना अडखळत वाचता येत होते त्यांना छोटी वाक्ये, चांगले वाचणाऱ्यांना लांब वाक्ये. फळ्यावर दोन रकाने आखले : आपल्या नाटिकेत काय आहे, आणि पट्टीवर काय लिहिले आहे. मुलांनी एकेक गोष्ट शोधायला सुरुवात केली आणि तिसऱ्या दिवशी वर्गात गोंधळ उडाला, कारण पट्ट्यांमध्ये गाढव सापडेना. उतारशाळेत जागा नव्हती असे लूक लिहितो, पण उतारशाळेचा मालक कोठेच नाही. मागी लोक किती होते हे मत्तय सांगतच नाही. भेटी तीन, सोने, ऊद आणि गंधरस, त्यावरून माणसे तीन झाली. त्यांचे उंटही कोठे दिसले नाहीत, आणि ते गोठ्यात नव्हे तर घरात आले असे लिहिलेले आढळले. मेंढपाळ एका शुभवर्तमानात, मागी दुसऱ्यात.

उतारशाळेच्या मालकाचे काम करणारा मुलगा यामुळे रुसला. आपले पात्र खरे नाही हे त्याला पटेना. त्याने दोन दिवस सगळ्या पट्ट्या पुन्हा पुन्हा वाचल्या, मालक कोठेतरी सापडेल या आशेने. जुलैमध्ये परिच्छेद न येणाऱ्या मुलांत तो होता. एवढे वाचन त्याने वर्षभरात स्वतःहून कधी केले नव्हते, असे बाईंनी नोंदवहीत लिहिले आहे, आणि मला वाटते या सगळ्या प्रकरणातील ती सर्वांत मोलाची नोंद आहे.

शास्त्राची भाषा जड पडेल अशी मला भीती होती. ‘नावनिशी’, म्हणजे लोकांची नोंद, हा शब्द एकाही मुलाला माहीत नव्हता. पण तो घरी विचारून या, असे सांगितल्यावर निम्म्या आज्यांना तो ठाऊक निघाला. मग वर्गाची नावनिशी करण्यात आली : घरात माणसे किती, मूळ गाव कोणते, सध्या घरातले कोण बाहेरगावी आहे. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांची नावे कोणत्या गावात लिहायची, यावर मुलांचा बराच वाद झाला. योसेफाला नाव लिहिण्यासाठी बेथलेहेमला का जावे लागले, हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

बाळ येशूला जिच्यात ठेवले ती जनावरांच्या चाऱ्याची ‘गव्हाण’, हा शब्द मात्र कोणालाच विचारावा लागला नाही. आदल्या वर्षांत गव्हाणीसाठी थर्माकोलचा देखावा विकत आणला जाई. सजावटीतील थर्माकोल राज्याच्या २०१८ च्या अधिसूचनेने बंद झाले आहे, तरी जुना देखावा कपाटात जपून ठेवलेला होता. शिक्षिकेने तो काढलाच नाही. मुलांनी आपापल्या घरची किंवा शेजारची गव्हाण आधी विती-हातांनी आणि मग शिवणकामाच्या फितीने मोजून आणावी, असे सांगितले. लांबी, रुंदी, खोली आणि कडेची परिमिती वहीत आली. कोणाची गव्हाण सिमेंटची होती, कोणाची दगडमातीची, कोणाकडे निळा प्लास्टिकचा पिंप उभा कापून केलेली. एकाच गव्हाणीची दोन भावंडांनी आणलेली मापे जुळेनात, कारण एकाची वीत दुसऱ्याच्या विती इतकी नव्हती. प्रमाणित एकक कशासाठी लागते, या पाठाला यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही. सर्वांत लहान गव्हाणीतही तान्हे बाळ मावते का, हे एका मुलीने धाकट्या भावाला प्रत्यक्ष आत ठेवून पाहिले आणि तिच्या आईकडून बोलणी खाल्ली.

कडब्याचा हिशेब याच ओघात आला. कडबा शेकड्याने विकतात, हे मुलांना माहीत होते. गावात चालू असलेला भाव त्यांनीच घरून आणला आणि एका पेंढीची किंमत, पंधरा पेंढ्यांची किंमत, अर्ध्या शेकड्याची किंमत काढली. शाळेच्या गव्हाणीला किती पेंढ्या लागतील यावर दोन गटांची उत्तरे वेगळी आली. शेवटी कडबा एका पालकाने फुकट दिला, त्यामुळे कोणाचे उत्तर बरोबर हे ठरवायचे राहून गेले.

सरवा

बायबलमधील रूथची गोष्ट नाताळच्या कार्यक्रमात सहसा नसते. ती घ्यायचे शिक्षिकेने सुचवले आणि सुरुवातीला मला ते अनाठायी वाटले होते. शिक्षिकेचे कारण असे होते की बेथलेहेम हे मुलांसाठी नुसते नाव आहे; तेथे शेते होती, दुष्काळ पडला होता, माणसे पोटासाठी गाव सोडून गेली होती, हे त्यांना कळले तर त्या गावात जन्मलेले मूल त्यांच्या ओळखीचे होईल. बेथलेहेम या शब्दाचा अर्थच भाकरीचे घर असा आहे. त्या भाकरीच्या घरात दुष्काळ पडतो, नामी आणि तिचे कुटुंब मवाबात जाते, नवरा आणि दोन मुलगे तेथेच मरण पावतात, आणि नामी आपली सून रूथ हिला घेऊन सातूच्या कापणीच्या सुरुवातीला परत येते. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते, पुढे त्याच्याशी तिचे लग्न होते, आणि त्यांच्या वंशात दावीद राजा आणि त्याच्याही पुढे येशू.

‘सरवा’ हा शब्द समजावायला एक आजी वर्गात आल्या. ज्वारीच्या शेतात कापणीनंतर राहिलेली कणसे, भुईमूग उपटल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा त्यांनी लहानपणी कशा वेचल्या, ७२ च्या दुष्काळात वेचायलाही काही नव्हते तेव्हा रोजगार हमीच्या कामावर खडी कशी फोडली, हे त्यांनी सांगितले. शेताच्या कडा कापू नका, पडलेले वेचू नका, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडा, ही बायबलच्या लेवीय या पुस्तकातील आज्ञा त्यानंतर वाचली गेली. वर्गात आधी चुळबुळ होती, नंतर नव्हती. आईवडील ऊसतोडीला गेलेल्या एका मुलीने विचारले, “नामीला उचल मिळाली होती का?” शिक्षिकेने पुस्तक मिटले आणि उचल, म्हणजे ऊसतोडीआधी मजुरांना मिळणारी आगाऊ रक्कम, काय असते, ती कशी फेडतात, हे त्या मुलीलाच वर्गापुढे सांगायला लावले. परिसर अभ्यासाच्या कोणत्या घटकात ही तासिका बसवायची, असे मला नंतर विचारण्यात आले. मी ‘स्थलांतर’ असे लिहून मोकळा झालो.

दोन हरकती

पहिली हरकत चर्चच्या पाळकसाहेबांची होती. वेळ अमावस्येसाठी तारीख बदलली इथपर्यंत त्यांचे म्हणणे नव्हते, परंतु मुलांनी शाळेत कडब्याची कोप उभी करायचे ठरवले आहे असे कळल्यावर ते अस्वस्थ झाले. कोपीत पूजा असते, आणि ख्रिस्ती शाळेच्या पटांगणात ती उभी राहिली तर मंडळीतील लोक काय अर्थ घेतील, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याला हसण्यावारी नेणे सोपे होते आणि चुकीचेही. शिक्षिकेने त्यांच्यासमोर मांडवांचा सण ठेवला : कापणीनंतर सात दिवस झाडांच्या फांद्यांच्या मांडवांत राहावे, असे लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायात इस्राएल लोकांना सांगितले आहे. पाळकसाहेबांनी विचार करून सांगितले की कोप ठेवा, तिच्यात पूजेचे काही मांडू नका, आणि मांडवांचा सण मी स्वतः मुलांना समजावून सांगेन. त्यांनी तसे सांगितलेही, आणि बरेच लांबवले.

दुसरी हरकत दोन पालकांची होती आणि ती अधिक मूलभूत होती. आमच्या मुलांना प्रार्थनेला बसवता ते आम्हाला विचारून का, असा त्यांचा प्रश्न होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याकांना शाळा स्थापन करण्याचा व चालवण्याचा हक्क आहे, हे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. अनुच्छेद २८ चे तिसरे कलम आम्ही क्वचित सांगतो : शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. आमच्या प्रवेशअर्जात शेवटी बारीक अक्षरांत तशी एक ओळ होती. पालकाने सही केली म्हणजे संमती झाली, असे आम्ही वर्षानुवर्षे धरून चाललो होतो. ती संमती नव्हे, असे माझे मत त्या सभेत झाले आणि आजही आहे.

अर्ध्या पानाचे साधे पत्र काढण्यात आले. त्यात वाचन, मापन, गोष्ट आणि गीत हे वर्गकार्य म्हणून वेगळे, आणि प्रार्थना व पाळकसाहेबांचा संदेश वेगळा, असे लिहून दोन स्वतंत्र जागी सही मागितली. जवळजवळ सर्वांनी दोन्हीकडे सही केली. त्या दोन घरांनी पहिल्या जागी सही केली आणि दुसरी जागा रिकामी ठेवली. प्रार्थनेच्या वेळी त्या मुलांना वेगळे उठवून पाठवले तर ती सगळ्यांच्या नजरेत येतील, म्हणून प्रार्थना कार्यक्रमाच्या अगदी शेवटी ठेवली आणि पाणी-खाऊ वाटपाच्या तयारीला पाच-सहा जणांचा गट त्याआधीच बाहेर पाठवला, ज्यात ती दोन मुले होती. हा उपाय पूर्ण समाधानकारक आहे असे नाही. त्या गटातील एका ख्रिस्ती मुलाची प्रार्थना त्यामुळे चुकली आणि त्याच्या आईने ते बोलून दाखवले.

२२ डिसेंबर

कार्यक्रम सव्वा तास चालला. रंगमंच नव्हता, कोप, तिच्यात मुलांनी फळ्या ठोकून केलेली गव्हाण, आणि समोर सतरंज्या. प्रत्येक मुलाने स्वतःच्या पट्टीवरचे वाक्य वाचले, त्यामुळे हकिकत तीसेक आवाजांत पुढे सरकली. ध्वनिक्षेपक मध्येच बंद पडला. दोन मुले वाचताना अडली आणि शेजारच्याने पुरे केले. उतारशाळेचा मालक कार्यक्रमात राहिला, पण त्याने आधीच जाहीर केले की मी लिहिलेला नाही, मला आम्ही घातला आहे. त्यावर पालक मनापासून हसले.

समूहगीताऐवजी वर्गाने रचलेला अभंग म्हणण्यात आला. रेव्ह. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत रुजवलेला अभंग मंडळीला नवा नव्हता, आणि इतर घरांतही हरिपाठाच्या निमित्ताने ती चाल कानावर होतीच. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, दुसऱ्या आणि तिसऱ्याचे यमक : एवढा नियम देऊन शिक्षिकेने बोटांवर अक्षरे मोजायला लावली होती. एक कडवे असे :

गव्हाणीत बाळ । कडब्याची गादी ।
झोप नाही साधी । माउलीला ॥

‘साधी’ हा शब्द यमकासाठी ओढून आणला आहे, हे वर्गातल्याच एका मुलीने दाखवून दिले होते. दुसरा सापडला नाही म्हणून तोच राहिला.

नंतर

जानेवारीत शिक्षिकेने पुन्हा एकेका मुलाचे वाचन घेतले. परिच्छेदाशी अडणारी मुले आता पाच-सहाच राहिली होती. याचे श्रेय तीन आठवड्यांच्या या कामाला किती आणि सहा महिन्यांच्या रोजच्या वाचनाला किती, हे वेगळे काढता येत नाही, आणि तसे काढण्याचा मोह मी टाळतो. त्या पाच-सहांमध्ये देवदूत झालेली मुलगी होती. तिचे पाठांतर इतके पक्के होते की तिने आपली पट्टीही ऐकूनच पाठ केली होती, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नव्हते. तिच्यासाठी फेब्रुवारीपासून मधल्या सुट्टीनंतर पंधरा मिनिटे वेगळी ठेवावी लागली.

संस्थेने हा प्रयोग पुढच्या वर्षी सर्व शाळांना पाठवण्यासाठी नमुना म्हणून लिहून मागितला : पट्ट्या किती, कोपीचे माप काय, अभंग कोणता. मी तसा मसुदा केला आणि अभिप्रायासाठी शिक्षिकेकडे पाठवला. तो परत आला तेव्हा त्यावर तिने दोनच ओळी लिहिल्या होत्या. अधिक श्रावणामुळे पुढची वेळ अमावस्या ११ जानेवारी २०२४ ला आहे, तेव्हा नाताळात कोप उभी करण्याचे कारण राहणार नाही. आणि नव्या चौथीतील मुलांच्या घरी जनावरे फारशी नाहीत, तर गव्हाणीऐवजी काय मोजायचे ते मुले आल्यावर ठरवू.